मार्गदर्शकांचा पराक्रम

पीएच.डी.चे मार्गदर्शक डॉ. भास्कर केळुसकर यांनी गेमचा कंट्रोलर आरतीच्या तबकासारखा दोन्ही हातांत धरला. जगाने डोक्यावर घेतलेल्या एका महानायकाच्या व्हिडिओ गेमवर प्रबंध लिहिण्याची परवानगी त्यांची विद्यार्थिनी ऋजुता मागत होती. आज सही मिळाली नाही, तर तिचे वर्ष फुकट जाणार होते. ‘आधी स्वतः खेळा, मग नाकारा,’ एवढीच तिची विनंती होती.

गेममधल्या गच्चीवर खलनायक भाषण करू लागला. डॉक्टर अदबीने ऐकत उभे राहिले आणि सातव्यांदा खाली कोसळले.

“सर, तो बोलतोय तोवरच ठोसा मारा ना!”

“पूर्वपक्ष पुरा ऐकल्याखेरीज खंडन करू नये, ही आपली परंपरा आहे.”

“तो पूर्वपक्ष मांडत नाहीये, सर. तो तुम्हाला गच्चीवरून ढकलतोय.”

पडद्यावर प्रश्न उमटला : ‘सोपी पातळी हवी का?’

“यंत्राने माझी कीव करावी?” डॉक्टर कडाडले. “तुलाही असेच विचारले होते ना?”

“नाही, सर. मला कधीच नाही विचारलं.”

तेवढ्यात कार्यालयातून बोलावणे आले आणि ती गेली. डॉक्टरांनी दाराकडे एकवार पाहून सर्वांत सोपी पातळी निवडली. खलनायक पहिल्याच टिचकीला आडवा झाला.

ऋजुता परतली, तेव्हा तिच्या अर्जावर सुवाच्य अक्षरांत शेरा लिहून तयार होता : ‘नायकाला तोलामोलाचा प्रतिकारच नाही. कलाकृतीत संघर्षाचा संपूर्ण अभाव. विषय नामंजूर.’