छतावरचा पहारा

"तळघरात बसलात तेवढा वेळ कामात धरणार नाही," मिस्टर हॅलोज म्हणाले. "पाचला सुटल्यावर थांबून भरून द्यायचा. युद्ध चालू आहे, मिसेस प्रॉबर्ट."

एनिडच्या अंगाचा तिळपापड झाला. जसं काही युद्ध या मेल्याच्या एकट्याच्याच घरी चालू होतं! तिचा नवरा समुद्रावर, आणि तीन वर्षांची मोरीन शेजारच्या मिसेस टककडे. मिसेस टकनं कालच बजावलं होतं, "पुन्हा उशीर केलास ना, तर पोरीला खेड्याच्या गाडीत बसवून दे बाई. मला सहाला कँटीनवर जावं लागतं." साउथॅम्प्टनची निम्मी पोरं बॉम्बच्या भीतीनं अशीच गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून परक्यांच्या घरी गेली होती. मोरीनला अजून स्वतःचे बूटही घालता येत नव्हते.

"साहेब, बॉम्ब काय आम्ही बोलावतो?" एनिड म्हणाली. "खाली जीव वाचवायला जातो, पत्ते कुटायला नाही."

कचेरीतली टाइपरायटरं थांबली. शेजारच्या विनीनं तिची बाही ओढली. एनिड बसली नाही.

हॅलोजनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. "ठीक आहे. जादा काम बंद. पण मग नुसता हल्ल्याचा भोंगा झाला की पळायचंही बंद. छतावरून शिट्टी झाल्याशिवाय जागचं हलायचं नाही."

शहरातल्या बऱ्याच कचेऱ्यांत हीच रीत होती. भोंगा झाला तरी काम चालू ठेवायचं आणि विमान अगदी डोक्यावर आलं की छतावरच्या माणसानं शिट्टी मारायची. पण यांच्या छतावर होता म्हातारा टॉली कारकून. तो कबुतर उडालं तरी शिट्टी फुंकायचा.

"आणि टॉली नको," हॅलोज म्हणाले. "छतावर मी स्वतः जाईन."



"खडूस आहे," विनी नंतर म्हणाली, "पण छाती आहे हो माणसाला."

दुसऱ्या दिवसापासून भोंगा झाला की हॅलोज लोखंडी टोप चढवायचे, शिट्टी गळ्यात अडकवायचे आणि बाहेर जाऊन जिन्याचं दार ओढून घ्यायचे. शिट्टी काही व्हायची नाही. विमानं गोदीकडे निघून जायची. एनिड सहाच्या आत मोरीनला कडेवर घ्यायची. आपण या माणसाला उगाच शिव्या घातल्या, असंही तिला एकदोनदा वाटून गेलं.

त्या दुपारी भोंगा झाला तेव्हा कोणी मान वर केली नाही. विमानांची घरघर जवळ आली, तरी शिट्टी नव्हती, म्हणून बोटं चालूच राहिली. मग सगळ्या खिडक्या एकदम आत आल्या. समोरच्या इमारतीची अख्खी भिंत रस्त्यावर कोसळली होती. विनीच्या कपाळातून रक्त वाहत होतं.

"शिट्टी का नाही मारली त्यानं?" कोणीतरी ओरडलं.

"मारायला जिवंत असेल तर ना," एनिड म्हणाली. "टॉली, सगळ्यांना खाली ने."

ती वर धावली. मोरीन डोळ्यांपुढे येत होती, माघारी फिर म्हणत होती. पण तो माणूस तिच्याच जिभेपायी छतावर गेला होता. त्याला तिथं टाकून ती कुठल्या तोंडानं खाली जाणार होती?

छत रिकामं होतं. धुरात तिनं हाका मारल्या, कठड्यावरून वाकून पाहिलं. स्फोटानं त्याला खाली भिरकावलं असणार. "माफ करा हो, साहेब," ती रडत म्हणाली. तेवढ्यात घरघर पुन्हा सुरू झाली, तशी ती जिने उतरत सुटली.

तळघराच्या दारापाशी सगळे एकमेकांना बिलगून उभे होते.

"आत का जात नाही तुम्ही?"

"दार उघडत नाही," टॉली म्हणाला. "आतून कडी आहे."

एनिडनं दोन्ही मुठींनी दार बडवलं. आत काहीतरी सरकलं.

"कोण आहे?" मिस्टर हॅलोजचा आवाज आला. "गेली का विमानं?"