पहिलं सूप

पौषात तीन दिवस वारा पडला होता आणि मळलेली ज्वारी खळ्यावर तशीच पडून होती. चौथ्या दुपारी इंद्रभान सूप घेऊन उंच तिवईवर चढला, बापासारखी लांब शीळ घालून वाऱ्याला बोलावलं, आणि मेडशी गावाकडून झुळूक आली.

पहिलं सूप वाऱ्याच्या नावानं उधळायचं, ही खळ्याची रीत. पण औंदा दाणे थोडे, म्हणून त्याच्या बायकोनं, गोजराबाईनं, खालून त्याचा हात धरला, आणि ते सूप उधळायचं राहिलं.

मग वादळच सुटलं. कडब्याच्या पेंढ्या उडाल्या, झोपडीचं छप्पर बोरीवर जाऊन आदळलं. गोजराबाई राशीवर पालथी पडली, तरी दाणे तिच्या अंगाखालून निघून चालले.

"उतरा खाली! सारं चाललं!"

इंद्रभान संथपणे सूप हलवत होता. त्याच्या सुपातला भुसा दाण्यांसोबत सरळ खाली पडत होता. धोतराचा सोगासुद्धा हलत नव्हता.

ती रांगत तिवईपाशी गेली, उठून त्याचे पाय कवटाळले. "पाया पडतो जी तुमच्या, उतरा!"

त्यानं वाकून पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम डबडबला होता.

"काहून रडून राह्यली वं? येईन ना वारा. मी त्याले अजून बलावलंच कुठी?"

आणि त्यानं शीळ घालायला ओठांचा चंबू केला.