साठ टक्के चोरी

अक्षताने पीएचडीचं एक प्रकरण तपासायला दिलं, ते तिच्या गाइडनी, सबनीस सरांनी, आठ महिने दाबून ठेवलं. शेवटी तिने प्रबंध जमा केला आणि विद्यापीठाच्या सॉफ्टवेअरने सांगितलं की ते प्रकरण साठ टक्के चोरलंय, तेही सरांच्याच गेल्या महिन्यात छापून आलेल्या लेखातून.

"लाज नाही वाटली, गाइडचंच ढापताना?" सर अख्ख्या स्टाफरूमसमोर ओरडले. "आरेच्या पाड्यापाड्यांत फिरून पाय झिजवलेत मी!"

अक्षताने सरांचा लेख उघडला आणि त्यातलं पहिलंच वाक्य मोठ्याने वाचलं, "माझी आई प्रेमा आरेतल्या याच पाड्यात जन्मली."

मग ती म्हणाली,

"सर, आपण सख्खे भाऊबहीण आहोत, हे आईने मला कधी सांगितलंच नाही."