पणजोबांची नक्षी

"आज बाईंना सांगूनच टाकतो," कॉलरचं बटण लावत विणकर म्हणाला.

"काय सांगणार? पणजोबांनी जन्मभर गोणपाट विणलं म्हणून?" बायकोने विचारलं. "अख्ख्या गल्लीचे माग त्या नक्षीवर चाललेत. तुमचं मन हलकं होईल आणि लोकांच्या चुली विझतील."

"अगं, घास उतरत नाही माझ्या घशाखाली."

"मग पाणी प्या. आणि पणजोबांची नाही तर कुणाची, असं विचारलं तर?"

विणकराने बाहीचं बटण लावायला घेतलं. नक्षी कुठून आली, हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

बाई हातमाग वाचवणाऱ्या संस्थेच्या. पहिल्यांदा आल्या त्या गल्लीतला चिखल तुडवत, थेट मागापर्यंत. मागावर टॉवेल होता. बाईंचा चेहरा पडला.

"पिढीजात असं काहीच नाही का हो?"

विणकराने शरमेने मान खाली घातली. मान वर केली तेव्हा त्याच्याकडे पणजोबांची नक्षी होती.

पुढचं काम बाईंनीच केलं. नागमोडी रेघांत त्यांना नदी सापडली, ठिपक्यांत बियाणं आणि मधल्या चौकटीत हरवलेलं गाव. विणकर प्रत्येक वेळी मान डोलवत गेला. शिकलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

आज ते कापड संग्रहालयात काचेमागे जाणार होतं. खाली पितळी पाटी आणि पाटीवर पणजोबांचं नाव. तेही बायकोनेच सुचवलेलं. खरं कुणालाच आठवत नव्हतं.

दालनात पोचल्यावर विणकर काचेपाशीच उभा राहिला. बाहेर नुकतंच पाणी मारलेल्या हिरवळीवर बाई पाहुण्यांचं स्वागत करत होत्या. एवढं नाव झालं, तरी राहणी तीच. साधी सुती साडी, पायांत जुन्या दणकट चपला. विणकराला पाहताच त्या लगबगीने आत आल्या.

"बाई, नक्षीबद्दल एक सांगायचं राहिलंय."

बायको जोरात खोकली.

"आधी माझं ऐका," काचेवर हात ठेवत बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा पाहिली ना, तेव्हाच वाटलं होतं, ही माझ्या ओळखीची आहे. कुठे पाहिली, ते मात्र अजून आठवत नाही."

विणकराने मान खाली घातली.

दारापासून काचेपर्यंत, चकचकीत पांढऱ्या फरशीवर, ओल्या मातीत पणजोबांची नक्षी उमटली होती. डावी, उजवी, डावी, उजवी.