एका गोळीत आराम

औषधाच्या दुकानात बसून तो दिवसभर लोकांना दुखण्यावरच्या गोळ्या द्यायचा. कुणी दोन मागितल्या की दोन, कुणी पाकीट मागितलं की पाकीट. डॉक्टरांची चिठ्ठी बघतंय कोण! पण घरी आईच त्या गोळ्या येता-जाता तोंडात टाकायला लागली, तेव्हा मात्र त्याचं धाबं दणाणलं. सारा जन्म इस्त्रीच्या टेबलाशी उभ्याने काढलेली बाई ती. कंबर आता बोलायला लागली होती. समजावून झालं, रागावून झालं, आईने दाद दिली नाही. शेवटी एके दिवशी त्याने तिच्या डबीतल्या गोळ्या गुपचूप काढल्या आणि दिसायला तशाच, कॅल्शियमच्या भरून ठेवल्या.

"या नव्या गोळ्या गुणाच्या आहेत हं," आठवड्याभरात आई म्हणाली. "एका गोळीत आराम पडतो."

वर्षभर तो मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत राहिला. मग आईचे पाय सुजले.

"दोन्ही किडन्या गेल्यात," डॉक्टर रिपोर्ट खाली ठेवत म्हणाले. "दुखण्याच्या इतक्या गोळ्या घेऊ कशा दिल्यात यांना?"

"छे हो! वर्षभरात एकही नाही," तो ठासून म्हणाला.

आईने हळूच त्याचा हात धरला.

"नाक्यावरच्या दुकानातून आणायचे रे. तोही तुझ्यासारखाच, गिऱ्हाइकाला काही विचारत नाही. तुझी ती एक गोळी घ्यायचे ना रोज, ती तुला बरं वाटावं म्हणून."