ज्ञानूची भैरवी

चारुता गात होती यमन, पण डोळे होते पहिल्या रांगेवर. तिथे नवऱ्याच्या, सलीलच्या, मांडीवर त्यांची तान्ही लेक ज्ञानू बसली होती आणि तिचा खालचा ओठ हळूहळू बाहेर यायला लागला होता.

निवृत्त राजदूत सरदार गोपाळरावांच्या सदर बाजारातल्या बंगल्यावर बैठक होती. दिल्लीच्या पंडित जगन्नाथजींच्या आधी थोडा वेळ चारुताला मिळालेला. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदाच चारचौघांत गात होती. पंडितजींच्या तोंडून एक 'वाह' ऐकायला मिळावं, एवढंच तिला हवं होतं. पंडितजी मात्र मघापासून पानाच्या डब्यात गुंतले होते.

ज्ञानूनं भोकाड पसरलं. सलीलनं खुळखुळा वाजवला, तोही बेताल. रोजच्या सवयीनं चारुताच्या गळ्यातून तेच निघालं ज्यावाचून ज्ञानू कधी झोपत नसे. भैरवीतली अंगाई.

दुसऱ्या ओळीला ज्ञानूची मान कलंडली. तिसरीला गोपाळराव हात जोडून उभे राहिले. मग सगळेच उठले.

भैरवी झाली की मैफल संपली. या घरात तर पणजोबांपासून भैरवीनंतर कुणी सूर लावला नव्हता. आत पुऱ्या तळायलाही घेतल्या.

"सरदारसाहेब, माफ करा," चारुता रडवेली झाली. "बाळाला झोपवायला म्हटली हो नुसती."

"बेटी, भैरवी ती भैरवी."

"हम तो गाने आए थे, सरदारसाहब," पंडितजी म्हणाले आणि तानपुऱ्यावर गवसणी चढवू लागले.

तेवढ्यात नोकरानं तबकातून शाल आणली. शाल एकच, आणि ती इथे भैरवी गाणाऱ्याच्या खांद्यावर पडायची. पंडितजींना द्यावी तर घरची रीत मोडते, चारुताला द्यावी तर दिल्ली रुसते.

परदेशांतली भांडणं मिटवण्यात हयात घालवलेल्या गोपाळरावांनी शाल उचलली. एकदा पंडितजींकडे पाहिलं, एकदा चारुताकडे. मग वाकून ती झोपलेल्या ज्ञानूवर पांघरली.

पंडितजींचा हात गवसणीवरच थांबला.

"वाह," ते म्हणाले. पोर उठणार नाही, इतक्या हळू.