उसवलेली फुलं

"आतली सगळी फुलं उसवून टाक," कारभारी म्हणाले. "विधवेच्या तंबूत असला कशिदा शोभत नाही."

महाराज गेले, तसं बाईसाहेबांच्या अंगावर पांढरं लुगडं आलं. आता तंबूच्या कनातीलाही तेच नेसवायचं होतं. त्या कापडी भिंतीवरची खसखशीची लाल फुलं मीच काढलेली. मग उसवायचीही मीच. कारभाऱ्यांपुढे कोण बोलणार? दातओठ खात एकेक टाका कापला, रेशीम ओढून काढलं.

पुढच्या मुक्कामावर, सकाळीच, कारभारी मला घेऊन काम बघायला आत आले. बाईसाहेब कनातीला लागून बसल्या होत्या. रेशीम गेलं होतं, पण जाड कापडात सुईची भोकं तशीच राहिली होती. ऊन वर आलं आणि त्या भोकांतून आत शिरलं. पांढऱ्या लुगड्यावर फुलं उमटली, देठापानांसकट, उजेडाची.

"अगं, हे काय?" कारभारी माझ्यावर खेकसले. "आजच्या आज ती भोकं बुजव!"

बाईसाहेब मांडीवरच्या फुलावर हात ठेवून बसल्या होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "कारभारी, उद्याच्या मुक्कामालाही हीच बाजू उगवतीला लावा."